काकाकुव्याच्या अंगावरची पूड

नीलम्माच्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा तिच्यापुढं सतरा लेकरं मांडी घालून बसली होती आणि लेकरांच्या पुढं पिंजऱ्यात एक पांढराशुभ्र काकाकुवा होता.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. राणीसावरगावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या बेतात होत्या. अंगणवाडीतली निम्मी लेकरं आता पाच-सहा महिने आजा-आजीपाशी राहणार, आणि मायबाप गेले की पहिले पंधरा दिवस ती काही केल्या रमत नाहीत, हे नीलम्माला वीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. म्हणून यंदा तिनं आधीच ठरवलं, की त्यांना काहीतरी नवल दाखवायचं. नवल गावातच आलेलं होतं. शिवप्रकाशअप्पांचा भाचा हैदराबादेहून दुबईला गेला आणि जाताना आपला काकाकुवा मामाच्या हवाली करून गेला. अप्पांनी त्याचं नाव ठेवलं मोती, आणि पिंजरा किराणा दुकानाच्या ओसरीवर टांगला.

अंगणवाडीतल्या तक्त्यावर मोर होता, पोपट होता, चिमणी-कावळा होते. काकाकुवा नव्हता. नीलम्मानं मग फोनवर बघून बघून सगळी माहिती वहीत उतरवून घेतली आणि लेकरं अप्पांच्या ओसरीवर आणून बसवली. आणि शिकवायची तिला एकच तऱ्हा ठाऊक होती, ती कीर्तनाची. लहानपणापासून शिवनाम सप्ताहात टाळकऱ्यांच्या मागं बसून बसून तिच्या अंगात ते भिनलं होतं. आपण म्हणायचं, मागच्यांनी उचलायचं. उचललेलं जन्मभर विसरत नाही माणूस.

"ह्याच्या डोक्यावर काय हाय?"

"तुरा!" सतरा तोंडं एकदम.

"कसा हाय?"

"पिवळा!"

नीलम्मानं टाळी वाजवली तसा मोतीचा तुरा पंख्यासारखा फाकला. लेकरं किंचाळली.

"बाई, त्याला राग आला," प्रियदर्शनी म्हणाली.

"राग न्हाई गं, दचकला तो. दचकला का तुरा उभा, खूश झाला का तुरा उभा. आपल्याला तोंडानं सांगता येतं, त्याला तुऱ्यानं सांगावं लागतं. आता चोच बगा. कशी हाय?"

"वाकडी!"

अप्पांनी दुकानातून अख्खा अक्रोड आणून दिला. मोतीनं तो पायात धरला, चोचीत फिरवला आणि कटकन फोडला.

"आमच्या घरी आता सुपारीला अडकित्ता लागत न्हाई," अप्पा म्हणाले. "तुमच्या काकू ह्याच्याच म्होरं पानाचा डबा घेऊन बसतेत."

लेकरं हसली. मग त्यांनी जीभ बघितली. जाड आणि काळीकुट्ट. "जांभळं खाल्ली का त्यानं?" शिवानीनं विचारलं. मग पायाची बोटं मोजली. कोंबडीला तीन पुढं, एक मागं, हे तर त्यांना घरचंच ज्ञान. ह्याला दोन पुढं, दोन मागं. "म्हनून तो पायानं घास धरून खातो," नीलम्मा म्हणाली, आणि सतरा लेकरांनी आपापल्या हाताची दोन बोटं पुढं नि दोन मागं करून बघितली. कुणालाच जमेना.

तेवढ्यात परमू उठून पुढं आला. परमेश्वर त्याचं नाव, वय साडेचार. लिंबाजी आणि कोकिळा ह्या ऊसतोड्या जोडप्याचं एकुलतं लेकरू. त्याला बाळदमा होता. धावला की छातीत शीळ वाजायची, म्हणून तो धावायचाच नाही. सगळ्यांचं खेळणं भिंतीला टेकून बघायचा. त्यानं पिंजऱ्याच्या तारांतून हात घातला आणि मोतीच्या पाठीवरून हळूच फिरवला. मोती गप्प उभा राहिला. परमूनं हात बाहेर काढला तर पंजा पांढरा झालेला.

"बाई, हे काय हाय?"

वहीत ते नव्हतं. तुरा होता, चोच होती, जीभ होती, बोटं होती. ही पांढरी पूड कशाची ते नीलम्मानं कुठंच वाचलं नव्हतं. ठाऊक न्हाई, इचारून सांगते, एवढं म्हणता आलं असतं. पण तिच्या स्वतःच्या कपाळावर सकाळच्या पूजेचे तीन पट्टे होते, बोटांच्या पेरांत तसलीच पांढरी भुकटी अजून होती, आणि भाबड्या लेकराच्या हातावर ती बघून तिचं मन भरून आलं.

"आरं, विभूती हाय ती! महादेवाचं पाखरू हाय हे. अंगाला भस्म लावून आलंय."

"अंगावर काय हाय?" सवयीनं तिनंच पुढचं म्हटलं.

"विभूती!" सतरा तोंडांनी उचललं.

त्या दिवशी सतरा कपाळांवर पांढरे पट्टे घेऊन लेकरं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या ओसरीवर बाया उभ्या होत्या. टोळ्या निघायच्या होत्या. साखर कारखाना शंभर कोसांवर, पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे उसाच्या फडात उतरायचं, कोयता चालवायचा. अशा वाटेला निघणाऱ्या माणसाला काहीतरी सोबत हवं असतं. लेकरांनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं, आणि लेकरं कुठं खोटं बोलतात. एकेकीनं मोतीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या लेकराच्या कपाळी लावला. अप्पांनी कुणाला अडवलं नाही. त्यांनी बेलपत्रांची एक माळ करून पिंजऱ्याला बांधली, आणि त्यांच्या मनात खोट काहीच नव्हती; आपल्या ओसरीवर देवाचं काही घडायलं, ह्याचंच त्यांना अप्रूप.

कोकिळाही आली. परमूला कडेवर घेऊन ती आधी अंगणवाडीत आली आणि पिशवीतून पंप काढून नीलम्मापुढं धरला. दम्याच्या औषधाचा पंप, लहान लेकरांच्या तोंडाला लावायच्या मुखवट्यासकट. सरकारी दवाखान्यातून मिळालेला.

"बाई, सकाळ-संध्याकाळ दोन दोन दाब. माझ्या सासूपाशी ठिवते, पन तिच्या ध्यानात राहत न्हाई. तुमी तेवढं इचारत जावा."

"जा तू बिनघोर. मी हाय."

"माझ्या हातानं दिल्याबिगर घेत न्हाई ओ तो."

"घेईल. माझ्याकडून घेईल."

कोकिळानं परमूला छातीशी धरलं. त्याच्या कपाळावर आदल्या दिवशीचा पट्टा पुसट झाला होता, तर जाता जाता ओसरीवरून तिनं नवा लावला. "आता महादेव हाय राखणीला," ती म्हणाली, आणि ट्रकमध्ये चढली. परमू रडला नाही. रडलं की दम लागतो, हे त्याला कळत होतं.

नीलम्मा रोज विचारायची. "परमू, पंप घेतला?" तो मान हलवायचा. बरं, म्हणायची आणि पुढच्या लेकराकडं वळायची. लेकराच्या मानेवर तिनं अडीच महिने भरवसा ठेवला.

पौषात थंडी वाढली. मांजरं फिरतात म्हणून अप्पांनी पिंजरा ओसरीवरून आत माल ठेवायच्या खोलीत नेला. खोलीला एकच खिडकी, तीही पोत्यांच्या थप्पीआड. लोक तिथंही येतच राहिले. मोतीच्या अंगावर हात फिरवणारे इतके झाले, की त्यानं आता स्वतःच्याच छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी रुपयाएवढी जागा उघडी पडली, मग तळहाताएवढी. पिंजऱ्याखाली पिसं, पूड, शीट सगळं साचायचं. अप्पांची सून ते झाडून एका डब्यात भरायची, कारण गर्दीच्या दिवशी सगळ्यांना पाखराला हात लावू देणं जमायचं नाही. डब्यातली चिमूट दिली की माणूस समाधानानं जायचं.

माघ लागला तेव्हा गुरांच्या लसीकरणाला परभणीहून डॉक्टर धम्मशीला आल्या. तरुण, उन्हानं रापलेली बाई, पायात गमबूट. चौकातल्या पन्नासभर बैलांना सुया टोचून झाल्यावर अप्पांनी त्यांना हाक मारली. नीलम्मा तेव्हा दुकानात साबण घेत होती.

"मॅडम, आमच्या मोतीला बी बगा की. छातीची पिसं चालली. पन चोच बगा, पॉलिश केल्यावानी चमकायलीय. आधी अशी राखाडी राखाडी होती. तेज आलंय आता."

धम्मशीला खोलीत गेल्या, आणि आधी तोंडाला रुमाल बांधला. पिंजऱ्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"अप्पा, हे तेज नाही. ह्या पक्ष्याच्या अंगावर बारीक पिसं असतात, त्यांचा चुरा होतो. त्याची पूड चोचीवर बसते म्हणून चोच राखाडी दिसते. निरोगी काकाकुव्याची चोच मळकीच असते. चमकायला लागली म्हणजे पूड तयार व्हायची थांबली. आजारी आहे हा. बरा होईल असं मला वाटत नाही."

"पूड?" नीलम्मा दारातूनच म्हणाली.

"हो. आपल्याला कोंडा होतो ना, तसंच काहीतरी. पिसं कोरडी नि स्वच्छ राहावीत म्हणून निसर्गानं दिलेली." त्यांची नजर डब्यावर गेली. झाकण उघडून त्यांनी आत बघितलं आणि पटकन मिटलं. "हे कशासाठी भरून ठेवलंय? ह्यात वाळलेली विष्ठा आहे."

अप्पांनी हळूच सांगितलं. धम्मशीलांनी रागावण्यासारखं काही केलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणाला देऊ नका. धडधाकट माणसालासुद्धा नको. आणि कुणाला दमा असेल तर त्याला ह्या खोलीत पाऊल ठेवू देऊ नका. जीव जाईल."

नीलम्माच्या हातातला साबण तसाच राहिला. ती तिथून निघाली ती तडक सुलाबाईच्या घरी.

सुलाबाई म्हणजे परमूची आजी. सत्तरीची, कंबरेत वाकलेली, पण जिभेनं ताठ. दारात बसून तूर निवडत होती. परमू आत गोधडीवर पडला होता आणि त्याच्या छातीतली शीळ उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होती.

"सुलामावशी, पंप कुठाय?"

"हाय की देवळीत."

भिंतीतल्या देवळीत, रॉकेलच्या चिमणीमागं पंप होता. मुखवट्याच्या आत कोळ्यानं जाळं केलं होतं.

"मावशी, हे काय! दिलाच न्हाई?"

"त्याची आता गरज न्हाई. इभूती देते ना मी. रोज चिमूटभर दुधात. छातीला चोळते. अप्पाच्या खोलीत नेऊन घटकाभर बसवते पाखरापाशी."

नीलम्मा तिच्यापुढं येऊन बसली. तिनं सगळं सांगितलं. पूड, पिसं, कोंडा, शीट. हात जोडून सांगितलं. सुलाबाईनं सुपातला खडा वेचून फेकला.

"ढोराची डाक्टर ती."

"पाखराचंच तर सांगायली ती, मावशी! तिला न्हाई कळनार तर कुनाला?"

"आन तुमाला कळत नव्हतं का तवा? तुमीच तं म्हनलाव. लेकरानं घरी येऊन सांगितलं, बाई म्हनली महादेवाची इभूती हाय. आता म्हनायलाव शीट हाय. तुमचं तवाचं खरं का आताचं?"

नीलम्मानं मुखवटा गरम पाण्यानं धुतला, परमूला मांडीवर घेतलं आणि दोन दाब दिले. परमूनं डोळे मिटून निमूट घेतलं. थोड्या वेळानं शीळ जरा उतरली.

"परमू, मला रोज मान हलवून सांगायचास ना रे, घेतला म्हनून?"

"तुमी इचारायच्याव," परमू म्हणाला. एवढंच. तिनं विचारायचं आणि त्यानं मान हलवायची, असाच तो खेळ आहे असं त्याला वाटलं होतं.

त्या दिवसापासून नीलम्मा सकाळ-संध्याकाळ स्वतः जाऊन पंप द्यायला लागली. पण खोलीत नेणं बंद झालं नाही. ती अंगणवाडीत असताना सुलाबाई जायचीच. गावालाच सांगायला हवं होतं, दारोदार, आजच्या आज. ती अप्पांकडं गेली.

"सप्ताह चार दिवसांवर आलाय, बाई," अप्पा म्हणाले. पाखराच्या काळजीनं त्यांचाही घास उतरत नव्हता. "मंडप घातलाय, पंगती ठरल्यात. आता हे काढलं, खोलीला कुलूप घातलं, तर गावात दोन तट पडतील. महाराज येऊ द्या. त्यांच्या तोंडून सांगू. त्यांचं ऐकतील लोक."

हे नीलम्माला पटलं. खरं तर तिला पटवून घ्यायचंच होतं. दारोदार जाऊन मी चुकले म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि कीर्तनात निघालेला शब्द माणसाच्या काळजात जातो, ह्यावर तिचा जन्माचा विश्वास होता. तिनं थांबायचं ठरवलं.

सप्ताहाच्या अखेरीला रामलिंग महाराज आले. पंच्याऐंशी वर्षांचे, आवाज अजून घंटेसारखा. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी नीलम्मानं त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. महाराजांनी हातातली रुद्राक्षाची माळ बाजूला ठेवली.

"मी सांगितलं तर लोक म्हणतील, महाराज एक बोलले, बाई एक बोलली. दोन्ही शब्द गावात फिरत राहतील. शब्द तुमच्या तोंडून गेलाय माय, तुमच्याच तोंडानं परत आणा. उद्या प्रसादाच्या कीर्तनात मी तुम्हाला उभं करतो."

"माझं ऐकतील?"

"तेव्हा ऐकलंच ना."

त्या संध्याकाळी पंगतीला हजार पानं होती. नीलम्मा चुलवणापाशी पुऱ्या लाटायला बसली ती उठलीच नाही. सातला आठवलं, परमूचा पंप. ह्या घाण्यानंतर जाते, म्हणाली. घाण्यामागून घाणा आला. सकाळी पुन्हा मंडप झाडायचा, रांगोळी, पाटपाणी. कीर्तन झालं की जाते, म्हणाली. दोन वेळा चुकल्या.

दहा वाजता कीर्तन उभं राहिलं. टाळ, मृदंग, पताका, माणसांनी मंडप फुललेला. नीलम्माच्या आयुष्यातला सगळ्यात आवडता तास हा. पण आज ती मंडपाच्या कडेलाच उभी राहिली. पूर्वरंग आटोपून महाराजांनी टाळकऱ्यांना थांबवलं आणि तिला वीणेशेजारी बोलावलं. तिची लेकरं पुढंच बसली होती.

"ओळखता ना रे मला?" ती म्हणाली. लोक हसले. "तर सांगा. काकाकुव्याच्या डोक्यावर काय हाय?"

"तुरा!"

"चोच कशी हाय?"

"वाकडी!"

"पायाला बोटं कशी?"

"दोन पुढं, दोन मागं!"

"अंगावर काय हाय?"

"विभूती!"

सगळा मंडप कौतुकानं हसला. कुणीतरी "हर हर महादेव" म्हटलं. ते शमेपर्यंत नीलम्मा उभी राहिली.

"न्हाई रे लेकरांनो. चुकीचं शिकवलं मी तुमाला. ती विभूती न्हाई. पिसांची पूड हाय ती. त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं, आन ठाऊक न्हाई म्हनायची लाज वाटली. डब्यातलं तर पुडीपेक्षा वाईट हाय. घरात असंल त्यानं आत्ताच्या आत्ता फेकून द्यावं. लेकराच्या पोटात घालू नये."

मागून एक म्हातारा उठला. "बाई, भरल्या सप्ताहात देवाचं कामून मोडायलाव?"

"देवाचं न्हाई मोडत, काका. माझं मोडायले."

म्हणता म्हणता तिची नजर लेकरांवरून फिरली. शिवानी, प्रियदर्शनी. तिनं मोजली. सोळा. बायांच्या बाजूला बघितलं. सुलाबाई नव्हती.

"सुलामावशी कुठाय? परमू कुठाय?"

सुलाबाईच्या शेजारची मनकर्णा म्हणाली, "लेकरू रातभर दमानं उपसायलं होतं. सकाळी मला म्हनली, आज समदं गाव कीर्तनाला हाय, पाखरापाशी गर्दी नसंल, निवांत अंगाला चोळून आनते."

नीलम्मा पताकांच्या दोऱ्या तोडत पळाली.

खोलीचं दार थंडीसाठी लोटलेलं होतं. पोत्यांच्या वरून उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि त्या तिरिपीत धूळ नुसती तरंगत होती. सुलाबाई पिंजऱ्याखाली बसली होती, परमू तिच्या मांडीवर, अंगातला सदरा काढलेला. छाती, गळा, तोंड, सगळं पांढरं फासलेलं. मोतीच्या अंगावर आता मोजकीच पिसं उरली होती. डोक्यावरचा तुरा तेवढा शाबूत होता, आणि तो ताठ उभा होता.

"आता उतार पडंल," सुलाबाई म्हणाली. "आता पडंल बगा."

परमूचे ओठ काळेनिळे पडले होते. त्याला बोलता येत नव्हतं. दोन्ही खांदे कानापर्यंत वर येत होते आणि पडत होते, आणि काय ते त्याच्यावरूनच समजून घ्यायचं होतं. नीलम्मानं त्याला उचललं. त्याच्या घरी पळाली. देवळीतून पंप काढून लावला. दोन दाब, चार, सहा. आत ओढायला त्याच्यात जोरच नव्हता. मागोमाग आलेल्या अप्पांनी जीप काढली. गंगाखेडचा रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा. सुलाबाई मागं बसून महादेवाचं नाव घेत होती, नीलम्मा पदर ओला करून परमूच्या तोंडावरची पूड पुसत होती. ती पुसली जात होती आणि नाकाच्या कडेला, पापण्यांत पुन्हा सापडत होती. अर्धी वाट झाली तेव्हा खांदे वर यायचे थांबले.

"आली बगा झोप," सुलाबाई म्हणाली.

नीलम्मा पुसतच राहिली. दवाखान्यात पोचल्यावर नर्सनं तिचा हात धरून बाजूला केला.

कोकिळा आणि लिंबाजी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. फडातून तसेच निघालेले. हातापायांवर उसाच्या पाचटाचे चरे. परमूला रामलिंग महाराजांनी स्वतः हातपाय धुऊन निजवलं होतं. सप्ताहाहून पुढच्या गावाला जायचं सोडून ते थांबले होते. त्यांनी त्याच्या कपाळाला काहीही लावू दिलं नव्हतं.

कोकिळा त्याच्याजवळ बसली. बराच वेळ त्याच्या छातीवर हात ठेवून बसली, जणू शीळ ऐकायला. मग तिनं मान वर केली.

"बाई, तुमी होताव ना?"

नीलम्मानं काही लपवलं नाही. ओसरीवरचा दिवस, तो शब्द, मान हलवणं, मुखवट्यातलं जाळं, सप्ताहापायी थांबणं, पुऱ्यांचे घाणे. सुलाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. लिंबाजी ऐकता ऐकता उठून बाहेर गेला. कोकिळा सगळं ऐकून घेऊन म्हणाली,

"पंपाचं सांगितलं होतं मी."

त्यानंतर ती नीलम्माशी बोलली नाही. मातीचं सगळं उरकल्यावर चौथ्या दिवशी दोघं पुन्हा कारखान्याला गेली. टोळी अडली होती. सुलाबाईला सोबत नेलं. म्हातारी आता कोपीत बसून राहते आणि कुणी औषध दिलं तर तोंड घट्ट मिटून घेते, असं आलेली माणसं सांगतात.

मोती महिनाभरानं गेला. अप्पांनी त्याला दुकानामागं पुरलं. गावात अजून दोन तोंडं आहेत. काही जण म्हणतात, बाईनं भर कीर्तनात देवाचं मोडलं म्हणून लेकरू गेलं, पाखरूही गेलं. अप्पांच्या दुकानामागं कधी कधी सकाळी बेलाचं पान पडलेलं असतं. कोण ठेवतं ते नीलम्मानं विचारलेलं नाही. ती उचलून बाजूला करते.

कीर्तनाला ती अजून जाते. पुढं नाही बसत. चपलांच्या ढिगापाशी बसते, आणि महाराज जे सांगतात ते मागून म्हणताना तिचे ओठ हलतात, आवाज निघत नाही.

अंगणवाडीच्या भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं काढलेला काकाकुवा लावलाय. चित्र काही नीट जमलेलं नाही. चोच जरा कोंबडीसारखी झालीय. ती चोच तिनं मुद्दाम राखाडी रंगवली. दर सोमवारी ती लेकरांना त्याच्यापुढं बसवते.

"डोक्यावर काय हाय?"

"तुरा!"

"चोच कशी हाय?"

"वाकडी! राखाडी!"

"अंगावर काय हाय?"

"पूड!" पंधरा तोंडं म्हणतात. सगळ्यात धाकटी शिवानी अजून म्हणते, "विभूती."

नीलम्मा तिच्याजवळ जाऊन खाली बसते.

"न्हाई माय. पूड. म्हन."

शिवानी भिंतीजवळच्या रिकाम्या जागेकडं बघते, परमू टेकून उभा राहायचा त्या.

"परमूला इचारा की," ती म्हणते. "त्यानंच हात लावला होता."

"म्हन, माय," नीलम्मा म्हणते. "पूड."